पूजेतला संगणक

केज,
९ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप सोमेश्वरकाकांना शिवानीचा नमस्कार.

ज्या काकांनी मला मोटरसायकलवर बसवून अंबाजोगाईच्या कॉलेजात नेऊन घातलं, त्यांनीच माझ्या नावाचा असा वापर का करावा?

अण्णांच्या गुडघ्याची सूज उतरली. काकूंचे धपाटे पोचले. मी खाल्ले नाहीत.

घरी बोलता आलं असतं, पण घरात तुम्ही बोलता आणि मी ऐकते.

खंडेनवमीला डेअरीत यंत्रांची पूजा झाली. मी माझं लॉगिन बंद करायला गेले तर तुम्हीच ओरडलात, "अगं, पूजेतलं मशीन बंद करतीस? हार तरी सुकू दे!" सगळे हसले. मीही हसले आणि उघडा संगणक तसाच सोडून प्रसादाला बसले.

दूध बहात्तर अंशांपर्यंत तापलं नाही तर यंत्र ते पुढे सोडत नाही. त्या दिवशी बॉयलर वाफ धरत नव्हता, दूध सारखं मागे फिरत होतं, आणि तुम्हाला दुधाची गाडी दसऱ्याआधी काढायची होती. ही मर्यादा बदलायचा अधिकार फक्त तुम्हाला आणि मला. स्वतःचं लॉगिन असताना तुम्ही माझ्या नावाने ती साठवर आणली.

ते दूध पिऊन युसूफ वडगावच्या वनमालाताईंच्या दोन्ही लेकरांना सलाईन लागलं, काका. मी बघून आले. धाकटी आता बसून खाते.

मालकांनी मला उभं करून झापलं, तेव्हा तुम्ही शेजारी चहा पीत होता. बाहेर आल्यावर म्हणालात, "बटन मी दाबलं, पण नाव तुझं हाय. माफी मागून टाक. नवी पोरगी म्हणून सोडतील. माझी नोकरी गेली तर काय करू?"

वडील असून अण्णाही म्हणाले, "काका हाय तुझा. माग की."

मागितली नाही. आज सकाळी तुमचं वाक्य मालकांना, भगवानरावांना, जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "काकाच्या नोकरीचं मी बघतो. संगणकाचं तू बघ."

बघितलं. आता कुणी उठून गेलं की स्क्रीन आपोआप बंद होते, हार असो नसो. आणि तुमचा अधिकार मी काढला. उद्या बसाल तेव्हा सगळे आकडे दिसतील. बदलता एकही येणार नाही.

शिवानी मल्लिनाथ
कंट्रोल रूम इंजिनिअर