थकव्यात चारपैकी चार

तीर्थरूप ताईला धाकट्याचा नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्यानेच केला आहे, गोड मानून घे.) तुझा दमा, तुझी कवळी आणि आमचे भाऊजी, तिघंही आपापल्या जागी बरे असतील अशी आशा करतो. कोणाचं काही बिनसलं तर लगेच कळवत जा. आयत्या वेळी कळलं की काळजी धड करता येत नाही.

माझं ठीक. तुझ्या भाचीचं सांगायलाच बसलो आहे. तिच्या ल्युपसच्या दुखण्याला आता नऊ वर्षं झाली. चाळिशी ओलांडलेली बाई. छापखान्यात मुद्रितं तपासते, गोळ्या वेळेवर घेते, उन्हात निघताना बाह्या मनगटापर्यंत ओढते, सकाळी बोटं आखडली तर कोमट पाण्यात बुडवून बसते. तिला सगळं कळतं. तरी पस्तीस वर्षं गोदामाच्या फाटकावर पहारा केलेला माणूस घरात नुसता बसेल कसा? मी नोंदवही ठेवली आहे. सहा चाळीस, उठली. सहा पन्नास, भिंतीला धरून चालली. सात, मी विचारलं, बरं वाटतंय का. सात पाच, पुन्हा विचारलं. (उत्तर लिहीत नाही, तू वडीलधारी.) दुपारी ती झोपली की अर्ध्या अर्ध्या तासाने दार लोटून श्वास चालू आहे ना, ते बघून येतो. दार करकरतं, ती दचकून उठते, म्हणजे चालू आहे हे समजतं.

तर गेल्या आठवड्यात दवाखान्यातून एक कागद आला. या आजारात माणूस जगतो कसा, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. थकवा, सांधे, झोप, स्मरण, घरची माणसं असे विषय, आणि प्रत्येकापुढे शून्य ते चार. कागद भरायचा होता तिने. पण तिची बोटं आखडलेली, म्हटलं आपणच भरून टाकावा. वरच्या बारीक सूचना चष्म्याला झेपल्या नाहीत. मला ते प्रगतिपुस्तक वाटलं, आणि आपल्या पोरीला मी नापास होऊ देईन का? थकव्यात चारपैकी चार दिले. (तिच्याइतकं थकून पुन्हा कामावर जाणारं दुसरं कोण आहे?) सांध्यांना चार. स्मरणात तेवढे तीन टाकले, सगळीकडे चार दिसले तर कॉपी वाटायची. ‘घरची माणसं’ हा विषय आला तेव्हा मात्र लेखणी जराही अडखळली नाही. चार.

ताई, चार म्हणजे असह्य त्रास.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः दारापर्यंत धावत आल्या, मागून चाकाची खुर्ची. तुझी भाची बाकावर पाय हलवत पेरू खात होती. मग उलगडा झाला. बाईंनी मला समोर बसवून आजार समजावला, की शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून झोडपतात. तुझी भाची म्हणाली, ‘‘माझ्याकडे असे दोन आहेत. एक आत, आणि एक हे समोर बसलेत.’’ बाईंनी हसून हसून चष्मा पुसला. मला लागलं ते. पस्तीस वर्षांत मालकांना मी फक्त दोनदा अडवलं होतं.

तिने कागद नव्याने भरला. थकव्याला तीन, सांध्यांना दोन, स्मरणाला एक. ‘घरची माणसं’ला दिलेल्या चाराला मात्र तिने हात लावला नाही. आणि जगण्यात आनंद कशाचा, या प्रश्नाला उत्तर दिलं, नाटकाच्या तालमी. मंगळवारी आणि शुक्रवारी जादा कामाला म्हणून जाते, ती तिथे. न्यायाधीशाचं काम करते, कारण न्यायाधीशाला दोन अंक बसून राहता येतं. मला सांगितलं नाही, कारण मी खुर्चीला उशी बांधायला आलो असतो. (आलो असतो.)

शुक्रवारी मी त्या सभागृहाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ती उंच खुर्चीत बसून एका धिप्पाड माणसाला दरडावत होती. गाल लाल दिसत होते. ते आजाराच्या चट्ट्यांमुळे की रंगामुळे, कळेना. विचारायला आत गेलो नाही. असं माझ्या हातून पहिल्यांदाच घडलं.

तुझा,
धाकटा

ता. क. प्रयोग महिन्यावर आला आहे, आता रोज तालीम. तिच्या अंगातली शक्ती मोजकी, त्यातली निम्मी मला उत्तरं देण्यात जाते. तेव्हा तुला बरं नाही असं खोटंच लिही आणि महिनाभर मला तिकडे बोलावून घे. तिला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. दोन. महिना फार होतो. पंधरा दिवस बोलाव. आठही चालतील.

ता. क. तीन. पाकिटाला डिंक मागायला गेलो आणि पत्र तिच्या हाती पडलं. चुका बघितल्याशिवाय तिला राहवत नाही, धंदाच तो. तिने तेवीस काढल्या. दुसरा ताजा कलम पूर्ण खोडून वर ‘महिना’ असं ठळक लिहिलं आहे, आणि शेजारी बारीक अक्षरात, ‘आत्या, प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्यांना परत पाठव. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवली आहे.’