ताईची जागा

प्रिय आई,
तुझ्या भटक्या लेकीचा दुरूनच नमस्कार.

मी धडधाकट आहे, पोटभर जेवते. बूट तेवढे चावतात. आणि मला मिळालेला झाडू इतका आडमुठा आहे की डावीकडे वळ म्हटलं तर थेट कौलांवर... ते राहू दे, सांगायचं वेगळंच आहे.

आम्ही चेटकिणी हात धरून रिंगण करतो आणि मंत्र म्हणतो, तेव्हा डोक्यावर कवच उभं राहतं. मागच्या सरावात आपली ताई गेली, तेव्हापासून माझ्या नि माझी मैत्रीण जाडी हिच्या मधली तिची जागा आम्ही मोकळीच ठेवत होतो. कवच रोज नेमकं तिथेच फाटायचं.

आज परीक्षा होती. उस्तादबाई गरजल्या, "आज कवच फुटलं तर तुकडी मोडून सगळ्यांना घरी धाडीन!"

जाडी मुसमुसायला लागली. "जागा बुजवली तर ताईला काय वाटेल गं?"

मी म्हटलं, "ती म्हणेल, माझ्या नावावर मार कसला खाताय, बावळटांनो!"

जाडी रडता रडता फिसकन हसली. मी ताईच्या जागेत सरकले आणि जाडीचा हात घट्ट धरला.

आई, आगीचे गोळे पडले नुसते धडाधड! एकही आत आला नाही! उस्तादबाईंनी स्वतःची टोपी हवेत भिरकावली. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय.

ताईची आठवण येतेच, रडूही येतं. पण आज आम्ही जिंकलो.

धाकटी अजून जमिनीवरच झोपते का गं? ताईच्या खाटेवर झोपू दे तिला.

तुझीच,
मधली