पंधरा रिकाम्या जागा

प्रिय मायलो भाऊजी,

तुमच्या धाकटेपणाला वहिनीचा आशीर्वाद आणि पांढऱ्या केसांना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, गाडीचं एक चाक सोडून. तुमची तब्येत कशी आहे? मक्याच्या यंत्रात गेलेल्या त्या अर्ध्या बोटाला थंडीत अजून ठणका लागतो का? खसखशीचे कोलाचे, ते सारण भरलेले गोड पाव, केले की पहिला हात तुमचा पुढे यायचा. हल्ली डबा आठवडाभर पुरतो, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

पत्रास कारण आमची रोझली. मागच्या खेपेला लेकीने गाडी चालवली, आणि ब्रेक दाबताच डुकराच्या पिलासारखं किंचाळणं ऐकलं. लगेच निकाल दिला: थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येईन तेव्हा ब्रेक असेच ओरडले तर गाडी विकायची आणि आईने ओमाहाला माझ्याकडे राहायला यायचं. (तिथे मला मिळायच्या खोलीत सध्या व्यायामाची सायकल राहते.) गाव अकरा मैलांवर. गाडी गेली की चर्च गेलं, गोधड्या शिवणाऱ्या मैत्रिणी गेल्या, मग घर तरी कशाला उरतंय? मला हे घर सोडायचं नाही, भाऊजी. म्हणून तावातावाने बोलून बसले, की ब्रेकपॅड मी स्वतः बदलीन. चाळीस वर्षं तुमच्या बंधूंना दिवा धरलाय, शिव्यांसकट सगळी कृती मला पाठ आहे.

मग हत्यारं बघायला गराजमध्ये गेले. तुमच्या बंधूंची शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे. प्रत्येक हत्यार भिंतीवरच्या फळीला टांगायचं आणि त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची, म्हणजे काय गायब आहे ते दारातूनच दिसावं. दिसलं. पंधरा आकृत्या रिकाम्या, आणि पंधराच्या पंधरा वस्तू तुमच्याकडे. चाकाचा पाना तुम्ही नेलात तेव्हा रोझलीचे दुधाचे दात पडत होते. मी अजिबात रागावले नाही. (खोटं. तीन दिवस धुमसत होते.)

पण मागायचा कमीपणा कोण घेणार? मी जन्मभर शिवणकाम केलेली बाई. फळीला वर्तमानपत्र लावून एकेक आकृती उतरवली, कातरली, आणि हाताला सवय म्हणून सगळीकडून शिलाईसाठी पाव इंच जास्त सोडलं. ते सगळे कागद ट्वायलाच्या हार्डवेअरच्या दुकानात नेऊन मांडले. ती बिचारी एकेक रिंगपाना कागदावर ठेवून जुळवत बसली, आणि मी सहा पाने घेऊन मोठ्या डौलात घरी आले. एकही नटाला बसेना. सगळे सैल, नुसते गरगर फिरायचे.

दुसऱ्या दिवशी परत गेले. तिने कागद उजेडात धरला आणि विचारलं, "व्हर्ना, ही कडेची पाव इंचाची पट्टी कसली?"

"शिलाईची," मी म्हणाले.

ट्वायला स्टुलावर बसलीच. डोळे पुसून झाल्यावर तिने पाने परत घेतले, आणि दीडशे नगांच्या ज्या चकचकीत पेटीवर माझा डोळा होता तीही घेऊ दिली नाही. म्हणाली, नवशिक्याला एवढंच पुरतं: एक जॅक, गाडी तोलून धरायला दोन लोखंडी घोड्या (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरलीस तर माझ्या दुकानात पाऊल टाकू नकोस, हा वर दम), चाकाचा पाना, सॉकेटचा छोटा संच, ब्रेकचा दट्ट्या मागे रेटायला सी-क्लॅम्प म्हणजे स्क्रूने आवळायचा शिकंजा, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे. क्लॅम्प तेवढा मी नको म्हणाले. का, ते खाली येईल.

तर आता गाडी घोड्यांवर उभी आहे, डावं चाक निघालंय, आणि आतला एक बोल्ट काही केल्या हलत नाही. त्याला तेल पाजलं, त्याची समजूत घातली, शेवटी तुमच्या बंधूंचे शब्दही वापरले. ढिम्म. थँक्सगिव्हिंग पुढच्या गुरुवारी आहे.

रोझली म्हणते, काकांना हत्यारं परत करायची नाहीत म्हणून ते दीड वर्षात फिरकले नाहीत. मला नाही पटत. हे गेल्यावर त्या गराजचं दार उघडायला मलाच सहा महिने लागले. तुम्हाला तर तिथे त्यांच्याशिवाय उभं राहायची सवयच नाही. म्हणून मी काहीएक मागत नाही. जपून राहा आणि कानटोपी घातल्याशिवाय बाहेर पडू नका.

तुमची वहिनी,
व्हर्ना

ता. क. वर पंधरा म्हटलंय ते चौदा वाचावं. सी-क्लॅम्प माझ्या शिवणाच्या खोलीत आहे. गोधडीची चौकट धरायला मीच नेला होता, रोझलीच्या जन्माआधी. तुमच्या बंधूंनी त्यासाठी जन्मभर तुमच्यावर संशय घेतला आणि मी गप्प बसले. माफ करा.

पुन्हा ता. क. फळीच्या टोकाला, दिव्याच्या खिळ्याशेजारी एक आकृती आहे. मी तिला हातमोजा समजले होते. नवा मोजा तिथे टांगून पाहिला, तर करंगळीशेजारचं बोट रेघेच्या बाहेर आलं. त्या आकृतीत ते बोट अर्ध्यातच संपतं, भाऊजी. ती रेघ तुम्ही दोघांनी कधी ओढलीत ते मला ठाऊक नाही, पण दीड वर्ष तीही जागा रिकामी आहे. बाकीची तेरा हत्यारं खुशाल ठेवून घ्या. हा एक हात तेवढा या शनिवारी सकाळी घेऊन या.