होडीसोबतचा माणूस

ता. ९, गुरुवार
संध्याकाळचे सात

प्रिय दादा,

नमस्कार. मी खुशाल आहे, होडीही खुशाल आहे. तू, वहिनी आणि मुलं मजेत असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस.

आज तिसरा दिवस. आपला समुद्र कधीच मागे पडला, तुझा अजून दिसत नाही. होडी ट्रकच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर येते, म्हणून उजेड असेपर्यंतच चालायची परवानगी आहे. आता एका पेट्रोल पंपावर मुक्काम. आमचा ड्रायव्हर होडीला नवरी म्हणतो. "गुंडाळून, सांभाळून, हळूहळू न्यायची, आणि रस्ताभर लोकांनी वळून वळून बघायचं!"

हे पत्र बटाट्याच्या ट्रकवाल्याकडे देतेय. तो सकाळीच तुझ्याकडे पोचेल. फोन तू माझं पहिलं वाक्य संपायच्या आत ठेवतोस, म्हणून हा उपद्व्याप.

लाकूड उन्हाने आक्रसतं, म्हणून होडीत ओली पोती अंथरली आहेत. दर दोन तासांनी थांबायचं आणि पोती भिजवायची. ड्रायव्हर वैतागलाय, पण भिजवणारा माणूस कुणाचं ऐकत नाही.

आता ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? पोती बाबा भिजवतात. बाबा माझ्याबरोबर आहेत.

पत्र फाडू नकोस. तू म्हणाला होतास, "होडी पाठव, बाकी काही नको." मी "बरं" म्हणाले आणि हे बाकीचं घेऊन निघाले. बाबांना सांगितलं, पंधरा दिवस तिकडच्या पाण्यात होडी फिरवू आणि परत येऊ. खरं म्हणजे भाड्याचं घर मी सोडलंय. एक तारखेला मला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय, तिथे राहायला वसतिगृहातली एक खाट. आणि नोकरी हेही निमित्तच, दादा. अकरा वर्षं झाली. त्यांचं पथ्य, त्यांच्या गोळ्या, त्यांचा अबोला. मी दमले. मला त्यांचा राग येतो, आणि जिना चढताना ते धापा टाकतात तेव्हा माझाच राग येतो.

आज होडीखालची एक पाचर सैल झाली. ठोकायला मी त्यांच्याकडे हातोडा मागितला. म्हणाले, "हत्यारांची पेटी देऊन टाकली, शेजारच्या सुताराला."

"अहो, का?"

"परत कुठे जायचंय आपल्याला?"

पाचर मी दगडानेच ठोकली. ते पोती भिजवतच राहिले, आणि मग आपणहून बोलायला लागले. "त्या वर्षी तीन महिने होडी उन्हात टाकून मीच परगावी गेलो होतो. पोराला फटी दिसल्या, त्याने बुजवल्या. पाण्यात लाकूड फुगतं, फटी आपोआप मिटतात, आणि बुजवल्या तर फुगायला जागा न उरून फळी फुटते, हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. फुटली तेव्हा मात्र धक्क्यावर सगळ्यांदेखत त्याची लायकी काढली."

तू घर सोडल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तुला लिहू का, विचारलं. "नको, माझं मी सांगेन." तरी लिहिलंच. त्यांचा काय भरवसा, ऐन वेळी तोंड मिटून बसतील. तूही तसलाच.

मग म्हणाले, "मी येतोय हे त्याला माहीत आहे ना?"

"आहे."

"काय म्हणाला?"

खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणाले, "'या' म्हणाला."

ते उठले. पंपाच्या नळावर गेले आणि ट्रकच्या आरशात बघून त्यांनी दाढी केली. पोचायचंय उद्या, दाढी आजच.

उद्या चारच्या सुमारास आम्ही तुझ्या धक्क्यावर असू. त्यांना कुणी सांभाळायचं यावरून आपण नंतर हवं तेवढं भांडू, मी तयार आहे. ते ट्रकमधून उतरतील तेव्हा मात्र तो एक शब्द म्हण. तू म्हणालास असं मी त्यांना सांगून बसले आहे.

तुझी,
खोटं बोललेली धाकटी