डाव्या पायाचं माप

आई, माझा डावा पाय आता बरा आहे. हे आधीच सांगते, नाहीतर बाकीचं ऐकताना तू मध्येच तोडशील, "ते राहू दे, आता कसं आहे ते बोल." हल्ली संध्याकाळी दुकान बंद करतानाही दोन्ही घोट्यांची हाडं दिसतात. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुझ्या डाव्या घोट्याचं हाड मी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

आपण खारी गावात राहायचो तेव्हा तू स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होतीस, दिवसभर उभी. घरी आलीस की स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून बसायचीस आणि डावा पाय पिठाच्या डब्यावर ठेवायचीस. तशीच बसून तू भाजी चिरतेयस, मी समोर पुस्तक घेऊन बसलेय आणि मधूनच तुझ्या नडगीवर बोट दाबतेय. तिथे खड्डा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. मला तो खेळ वाटायचा. ओटीपोटात जड वाटतं म्हणायचीस, पाळीच्या दिवसांत तर वाकताही यायचं नाही तुला. एकदा मी हे शेजारच्या काकूंना सांगितलं, तर घरात नेऊन दरडावलंस, "बायकांची दुखणी जिन्यात सांगायची नसतात." दहावी झाल्यावर मला जुनी शिलाई मशीन आणून दिलीस. म्हणालीस, "बसून काम कर. माझ्यासारखी उभी राहून मरू नकोस."

मी बसूनच काम केलं. नवघरला माझं ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान आहे. चाळिशी उलटली आणि दुपारनंतर डावा पाय भरून यायला लागला. चप्पल एकाच पायाला घट्ट व्हायची. मांडीच्या वरपर्यंत ओढ लागायची, ओटीपोट दगड बांधल्यासारखं. तुझा जावई म्हणाला, "दिवसभर बसून असतेस, सगळ्यांचेच पाय सुजतात." मी म्हटलं, "सगळ्यांचे दोन्ही सुजतात. माझा एकच का सुजतो?" एका डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. बायकांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गर्भाशय ठीक निघालं. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा पट्टा दिला. पायाच्या शिरांतून रक्त कसं वाहतं ते बघायला डॉप्लर केला, तोही नॉर्मल. रिपोर्ट हातात देताना तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, कुछ नहीं है, टेन्शन मत लो." मी घरी आले आणि टेप काढली. दिवसभर दुसऱ्यांची मापं घेणारी बाई मी, स्वतःचं माप घ्यायला कोण अडवणार होतं? गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत शेवटच्या पानापासून उलटं लिहायला लागले. सकाळी उजवी पोटरी, डावी पोटरी, संध्याकाळी पुन्हा तेच. दोन महिने एक दिवस चुकवला नाही. रोज संध्याकाळी डावी पोटरी उजवीपेक्षा दीड इंच जास्त भरायची.

ती वही घेऊन मी वरसाव्याच्या पुलाकडून ठाण्याला गेले, फक्त रक्तवाहिन्यांचंच काम करणाऱ्या डॉक्टरांकडे. बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. पानं उलटत त्यांनी विचारलं, "ही मापं कोणी घ्यायला सांगितली?"

"कोणीच नाही. शिवणकाम करते."

त्या हसल्या नाहीत. कागदावर चित्र काढून म्हणाल्या, "उजव्या पायाकडे रक्त नेणारी धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून जाते. शिरेच्या मागे मणका. तुमची शीर या दोघांत चेपली असणार. रक्त वर चढायला जागा नाही, म्हणून खाली तुंबतं. पायाच्या डॉप्लरमध्ये दिसलं नाही, कारण अडचण पायात नाहीच, वर ओटीपोटात आहे." मग शिरांचा सीटी स्कॅन काढला. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं तिथे शीर चपटी झाली होती, इस्त्री फिरवलेल्या नाडीसारखी. आई, मला रडू आलं नाही. इतके दिवस जे नाही म्हणत होते, ते आहे, एवढंच मनात आलं.

जांघेतून बारीक नळी घातली. तिच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र होतं, शिरेच्या आत जाऊन बघणारं. शीर खरंच किती चेपलीय याची आतून खात्री करून मगच फुग्याने ती उघडली आणि जाळीची नळी बसवली, पुन्हा मिटू नये म्हणून. मी अर्धवट जागी होते. फुगा फुगवला तेव्हा कमरेत कळ आली. डॉक्टर म्हणाल्या, "दुखलं तर बोला." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "दुखतंय." दुसऱ्या दिवशी घरी आले. पाठ आठवडाभर ठणकली, मग थांबली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून सुई जपून धरते. वहीत अजून मापं लिहिते. फरक पाव इंचावर आलाय. तुझी नात परवा म्हणाली, पाळीत डावा पाय दुखतो. मी तिला जिन्यातच थांबवलं आणि सगळं विचारलं. पुढच्या आठवड्यात नेतेय. काही नसेलही, पण बघितल्याशिवाय "काही नाही" म्हणायचं नाही, असं मी ठरवलंय.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात तुझा पाय मांडीपर्यंत सुजून गरम लागत होता. सूज आल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी चहा गाळताना तुला श्वास घेता येईना आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तू गेलीस. सगळे हार्ट अटॅक म्हणाले. ठाण्याच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पायातली गुठळी फुप्फुसात गेली असेल. पण तपासणी झालेली नाही, आता ठाम कोणीच सांगू शकणार नाही." मग त्यांनी विचारलं, "आईंनी कधी तक्रार केली नाही?"

मी म्हटलं, "नाही. सोसायची ती."

लोकांना पटतं असं उत्तर आहे ते, त्यांनाही पटलं. पण तू सांगितलं होतंस, आई. गेलीस त्याच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्याजवळ येऊन म्हणालीस, "आज मला दवाखान्यात नेतेस का?" लग्नाचे ब्लाऊज द्यायचे होते. मी मान वर न करता म्हटलं, "उद्या जाऊ." हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.