निळ्या झेनची किल्ली

वर्तकनगर, ठाणे
१९ नोव्हेंबर २०२५

चि. महिपत यास सुमेधाताईचे आशीर्वाद.

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, शीळफाट्याच्या थोडं अलीकडे, तुझ्या मुलाने, मितेशने, माझ्या निळ्या झेन गाडीचं स्टिअरिंग माझ्या हातातून ओढून घेतलं. मग गाडी कडेला घ्यायला लावली, मला डाव्या सीटवर बसवलं आणि घरी सोडल्यावर किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून तो गाडीसकट निघून गेला. वेळ मी घड्याळात बघून ठेवली होती. एकतीस वर्षं विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासले, ती सवय जात नाही.

तुझे भाऊजी गेले त्या वर्षी गाडी खड्ड्यात आपटली, तेव्हापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, ती डावीकडे ओढते. मी स्टिअरिंग जरा उजवीकडे धरते आणि जाते. माझी काही तक्रार नव्हती. टायर एका बाजूने गुळगुळीत झाला म्हणून व्हील अलाइनमेंट करायचं ठरलं. मितेशने गाडी डोंबिवलीला, मानपाड्याच्या त्याच्या साईनाथ मेस्त्रीकडे नेली. चाकं सरळ करायची, एवढंच काम. मी रविवारी आणायला गेले तर गाडी उजवीकडे जाते! डावीकडचा दोष काढून उजवीकडे घातला, ही काय ती कारागिरी.

आणि आता मितेश फोनवर म्हणतो की इंजिनच थकलंय, मोठं इंजिन बसवू, मग पिकअप बघ आत्या. एकाहत्तराव्या वर्षी मला पिकअप कशाला? घोडबंदर रोडवर शर्यत लावायची आहे का?

रसिका, माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिची डावी बाजू गेल्या वर्षी लुळी पडली हे तुला ठाऊक आहे. सोमवारी आणि गुरुवारी मी तिला व्यायामाच्या डॉक्टरांकडे नेते, कारण रिक्षाची पायरी तिला चढवत नाही. परवाची खेप बुडाली. काल म्हणाली, चालतंय गं. ते 'चालतंय' मला चालत नाही.

फोनवर तू 'हो ताई, बघतो ताई' करून सुटतोस, म्हणून हे कागदावर. गाडी कधी मिळणार ते कागदावरच कळव. सध्या लोभ जपून वापरते आहे.

तुझी ताई,
सुमेधा


डोंबिवली (पूर्व)
२३ नोव्हेंबर २०२५

ती. वयापेक्षा शौर्याने थोर अशा ताईस महिपतचा सा. न. वि. वि.

कुरिअरवाल्याने सही मागितली तेव्हाच समजलो की आज आपलं काही खरं नाही. पत्र उभ्यानेच वाचलं. आईबाबांनी तुला कॉन्व्हेंटात घातलं आणि मला पालिकेच्या शाळेत, तेव्हापासून तुझ्याशी लेखी भांडणात मी कधी जिंकलेलो नाही. आजही जिंकायला बसलो नाही.

मितेशवर रागावू नकोस. पोरगा दोन दिवस धड जेवला नव्हता. डिव्हायडर वीतभर राहिला होता म्हणतो, आणि मागून टँकर होता. तुझ्यापुढे बोलायची त्याची छाती नाही. माझीही नाही, ते सोड.

इंजिनाचं काम मात्र मोठं आहे. एकदा उघडलं की दोन-तीन महिने जाणारच. गाडी काही पळून जात नाही. तोवर रसिकाताईंसाठी मी टॅक्सी लावून देतो. आणि ताई, रस्ते आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. मी स्वतःसुद्धा स्कूटर विकली. बस जरा निवांत घरात. इतकी वर्षं चालवलीस, कोणी तुला भित्री म्हणणार नाही.

वाटाण्याच्या करंज्या केल्या आहेत, मितेशबरोबर पाठवतो. करंज्यांवर राग काढू नये ही विनंती.

तुझा भाऊ,
महिपत


डोंबिवली
२५ नोव्हेंबर

ती. आत्यास नमस्कार.

पपा म्हणाले की तू व्हॉट्सॲप वाचत नाहीस, पत्र लिही. सवय नाही गं. चुका दिसल्या तर लाल पेनने खुणा करून परत पाठवू नको.

तर प्लॅन असा आहे. इंजिन उतरवून ठेवलंय. साईनाथ तेराशे सीसीचं शोधतोय. ते बसलं की क्लच, रेडिएटर, पुढचे ब्रेक, सगळं मोठं लागणार, नाहीतर गाडी पळेल पण थांबणार नाही. त्यामुळे मार्च धरून चाल. एकदम भारी होईल, शप्पथ, तू गाडीला ओळखणार नाहीस.

त्या दिवशी मी घाबरलेलो. तुझा हात जोरात ओढला, त्याचं वाईट वाटतं. अजून दुखतो का?

तुझा,
मितेश


वर्तकनगर, ठाणे
४ डिसेंबर २०२५

महिपत आणि मितेश, दोघांना मिळून एकच पत्र. आशीर्वाद आहेत. ते काही परत घेता येत नाहीत.

हात दुखत नाही. करंज्या रसिकाला दिल्या. टॅक्सीतून ती एकदाच गेली, कारण ड्रायव्हर खाली उतरून हात देत नाही आणि तिला परक्या माणसाला सांगायची लाज वाटते.

आता कामाचं. गाडीचं इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आणि त्या अर्जावर मालकाची सही. मालक मी. अडीच आठवडे तुम्ही इंजिन बदलता आहात आणि माझ्या सहीला कोणी आलं नाही. असे दावे मी पहिल्याच पानावर बाजूला काढत असे.

म्हणून मंगळवारी मी रिक्षाने मानपाड्याला गेले. माझी गाडी कोपऱ्यात, कव्हर घालून. साईनाथला बॉनेट उघडायला लावलं. उतरवून ठेवलेलं इंजिन होतं तिथेच बसलेलं होतं, वर धुळीची साय. किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू झालं. बिचारा मान खाली घालून चहा सांगायला गेला.

मग मी त्याला चाकांवरून झाडला. त्याने मशीनचे दोन छापील कागद समोर ठेवले, कामाच्या आधीचा आणि नंतरचा. नंतरच्यात चारही चाकं जागच्या जागी. तरी माझा विश्वास बसेना, तेव्हा मला शेजारी बसवून त्याने गाडी काढली आणि मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सोडून दिलं. गाडी ओळंब्यासारखी सरळ गेली. तो म्हणाला, काकू, गाडी सुधारली, पण सहा वर्षं उजवीकडे धरलेला तुमचा हात अजून तसाच धरतो. चार दिवस रिकाम्या रस्त्यावर चालवा, हात आपोआप विसरेल.

तर शीळफाट्याची चूक माझ्या हाताची होती. लिहून देते. साईनाथला बोलले ते मागे घेतलं, तिथेच, त्याच्या माणसांसमोर.

पण, तोच म्हणाला, हेच सगळं त्याने त्याच रविवारी संध्याकाळी तुम्हा दोघांना सांगितलं होतं. ते ऐकून महिपत, तू म्हणालास की गाडी झाकून ठेव, उन्हाळ्यापर्यंत ताई विसरेल. हाताला चार दिवस लागतात, आणि मला चार महिने दिलेस. आणि मितेशने बसून क्लच-रेडिएटरची गोष्ट रचली. ब्रेकसुद्धा विसरला नाही.

महिपत, डिव्हायडर वीतभर होता हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला हातभर वाटला होता. ते वाचल्यापासून मलाही धडकी भरली आहे, आणि तीही एकटीनेच सोसते आहे. तुम्ही तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते. ऐकलं असतं की नाही, देव जाणे. पण सांगायचं तर होतं. मला निवांत बस म्हणणारा तू कोण? मी निवांत बसले की रसिकाही बसते, आणि ती बसली की उठणार नाही.

म्हणून असं करायचं. रविवारी, १४ डिसेंबरला, सकाळी सहा वाजता मितेशने गाडी इथे आणायची. रिकामा रस्ता मी बघून ठेवला आहे. चार सकाळी मी चालवीन, तो डाव्या सीटवर बसेल. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची: आत्याच्या गाडीत मी निर्धास्त बसलो, किंवा बसलो नाही. दुसरी ओळ असली तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात ठेवीन आणि गाडीचं नाव पुन्हा काढणार नाही. आमच्या शाळेतल्या सिस्टर खोटं बोलल्यावर शंभर ओळी लिहायला लावत. मी एक मागते आहे, आणि तीही खरी.

लोभाचं काय करायचं ते उत्तर बघून ठरेल. उत्तर लेखी हवं, दोघांच्या सहीचं, गुरुवार दिनांक ११ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात. फोन करू नका, उचलणार नाही.

सुमेधा