वाळलेल्या गाळण्यातले जीव

सोमवार, ४ फेब्रु. १९७४
सौ. हुपरीला लेकीकडे. पिण्याचे पाणी गाळणे माझ्याकडे. शनिवारी गाळले, पण फडके उलटे धरून त्यातले जीव परत आडात सोडायचे राहिले. ओले फडके गुंडाळून कोनाड्यात ठेवले, ते आज सापडले. वाळून पापड. आम्हा जैनांचा हा नेम सौ.ने जन्मात चुकवला नाही. प्रायश्चित्त म्हणून उपास करावा, तर डॉक्टरांनी साखरेमुळे बंद केलाय.

मंगळवार
नात सुनंदा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिला सांगितले. म्हणाली, "मेलेत का जिते, बघूया की." फडके घेऊन मलाही कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. दारात मी चपला काढल्या. सु. म्हणाली, "घाला आण्णा, देऊळ न्हाय हे."
फडक्याचा तुकडा आडाच्या गाळलेल्या पाण्यात भिजवला. बऱ्याच वेळाने सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली पाहिले. आधी नुसता कचरा. मग एक बारका गोळा लांबला, तोंडाशी चाके फिरावीत तसे काहीतरी फिरू लागले. मी ओरडलोच. तिचे सर धावत आले.
सरांना विचारले, इतके दिवस ह्याचा जीव कुठे होता?
"पाणी आटलं की ह्याचा कारभार थांबतो, आलं की सुरू. एवढं कळलंय. पण पहिल्यांदा कसा सुरू झाला, ते अजून न्हाय सांगता येत."
एवढा शिकलेला माणूस सरळ नाही म्हणतो. मोठा वाटला. आणि ती काच! काय डोके चालवलेय माणसांनी.

बुधवार
झोप अर्धवट. आमच्यात जीव वेगळा, देह वेगळा. गेलेला जीव त्याच देहात फिरून येत नाही. म्हणजे गेलाच नव्हता. मग कोरड्या देहात बसून काय करत होता?
सु. म्हणाली, "तुम्ही म्हणा बसलाता, आम्ही म्हणतो थांबलाता. हललेलं दोघांनीबी बघितलं की." पोर हुशार.
पण जे हललेच नाहीत ते?
ती म्हणाली, "काही मेले असतील, आण्णा."

गुरुवार
सौ. दुपारच्या गाडीने आली. सगळे सांगितले. रागावली नाही. "उपास मी धरते. तुम्ही गुमान जेवा." चूक माझी, उपाशी तिने का राहायचे?
सु. मधे पडली, "आज्जी, थांब. काही उशिरा हलतात. उद्या सकाळी परत बघते."
सौ. म्हणाली, "आणि उद्याबी न्हाई हलले तर?"
"तरी मेलेच म्हणून छातीठोक सांगता यायचं न्हाय."
ताट वाढलेय. सौ. समोर बसलीय, तिने स्वतःला वाढून घेतलेले नाही. मीही अजून घास घेतलेला नाही.